पोरगं खोटं बोलालंय, उद्या चोऱ्या करणार नव्हे?

ही काळजी घेऊन कितीतरी आया माझ्याकडं समुपदेशनाला येतात. बेळगावातल्या वडगावच्या एक बाई (ओळख बदललीय) पोराचं प्रोग्रेस कार्ड पिशवीत घालूनच आल्या. आठवीतला मुलगा, गणितात २५ पैकी ९, आणि खाली मम्मीची सही, जी मम्मीनं केलीच नव्हती. सापडला कसा, तर सही फार सुबक होती, बाईंचा ल कायम वाकडा असतो. घरी विचारलं कुणी केली, तर म्हणतोय तूच केलीस, विसरलीस. मग मार, मग परत खोटं.

पोराला एकट्याला बसवलं तर बराच वेळ गप्प, मग एकदम म्हणाला, "मावशीनं मम्मीचं आधार दाखवलेलं चालतंय की."

झालेलं असं, जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना साध्या सरकारी बसला पैसे नाहीत, पण आधारसारखं इथल्या पत्त्याचं ओळखपत्र लागतं. मावशी चंदगडची, म्हणजे महाराष्ट्रातली. महाराष्ट्राच्या एसटीतनं, हद्दीपर्यंत अर्ध्या तिकिटात, बेळगावला आली आणि पुढं सौंदत्तीला यल्लम्माला जाताना बहिणीचं कार्ड घेऊन गेली. कंडक्टर म्हणाला "आधार तोरसरी" (आधार दाखवा), फोटो बघितला न बघितला, झिरो तिकीट दिलं. पोरगं शेजारीच बसलेलं. घरी आल्यावर दोघी बहिणी पोट धरून हसल्या (सीमाभागात असले किस्से नवीन नव्हेत म्हणा).

बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "अहो ते सरकारचं हो मॅडम, त्यात काय?" मी वाद घातला नाही, नुसतं प्रोग्रेस कार्डावरच्या सहीवर बोट ठेवलं.

ह्या वयातलं खोटं बहुतेकदा भीतीचं असतं, ते चोराचं लक्षण नव्हे. पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांतल्या लहान मुलांवरचा २०११ चा एक अभ्यास आहे, जिथं छडी चालायची तिथली मुलं जास्त खोटं बोलली आणि ते टिकवलंपण सफाईनं. म्हणून बाईंना म्हटलं, उत्तर माहीत असलेला प्रश्न विचारूच नका, सरळ म्हणा सही तू केलीस ते कळलंय, आता गणिताचं काय करूया. शाळेत तुम्ही बरोबर जा पण सरांशी बोलणार तो. आणि आधारचं आमचं चुकलं हे त्याच्यासमोर म्हणायचं, हे त्यांना सगळ्यात जड गेलं. चोऱ्या, मारामाऱ्या महिनोन्‌महिने चालल्या असत्या तर मी डॉक्टरांकडं पाठवलं असतं, इथं तसं काही नव्हतं.

पुढच्या टेस्टला ११ पडले. कार्ड त्यानंच आणून दिलं, बाई ओरडल्या ते ओरडल्याच, पण सही केली. पोरगं म्हणालं, "मम्मी, ल तेवढा नीट काढ."