क्वेरी म्हणते ‘नाही’, मग खरंच नाही का?

प्रश्न: प्रोजेक्टसाठी वाघ, शेळी आणि गवताचं कोडं ग्रूव्ह या ग्राफ रूलनुसार बदलत नेणाऱ्या टूलमध्ये टाकलंय. काठ, नावाडी, वाघ सगळे ग्राफचे नोड (जोडलेले बिंदू) आणि नदी ओलांडणं म्हणजे ग्राफ बदलणारे रूल. थोडं एक्सप्लोर करून, म्हणजे रूल लावून काही स्टेट्स (कोण कुठल्या काठावर याच्या मांडण्या) उघडून, प्रोलॉग या तर्कावर चालणाऱ्या भाषेत क्वेरी टाकून विचारलं की नावाडी पलीकडे आणि वाघ-शेळी अलीकडे असं स्टेट आहे का, तर ‘नाही’ आलं. रूल सेफ आहेत हे सिद्ध झालं ना? आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंतचा रस्ता विचारला की क्वेरी अडकूनच बसते, ते का?

उत्तर: नाही, सिद्ध झालेलं नाही. प्रोलॉगचं ‘नाही’ म्हणजे ‘माझ्याकडे आहे त्यातून हे निघत नाही’ एवढंच, आणि कीथ क्लार्क या संगणकशास्त्रज्ञाने 1978 मध्ये या नकाराला तर्कशास्त्राचा आधार दिला तोसुद्धा आहे ती माहिती पूर्ण आहे असं धरूनच, आणि तुमची तर अर्धवट आहे, बरीच स्टेट्स अजून उघडलेलीच नाहीत. ‘हो’ आलं असतं तर ते अर्धवटावरही पक्कं होतं, ‘नाही’चं तसं नसतं. म्हणून आधी पूर्ण एक्सप्लोर करा, एकही स्टेट उघडायचं राहिलं नाही हे बघा, आणि मगच वाघाचं विचारा.

माझा आग्रह आहे की आकडा आधी हाताने काढा. नावाडी धरून चौघे, प्रत्येकाला दोन काठ, म्हणजे 16 मांडण्या, त्यातल्या 6 मध्ये कुणीतरी खाल्लं जातं, तेव्हा रूलमधल्या अटी बरोबर असतील तर 10 स्टेट्स यायला हवीत. 5 च आली तर काठांना लेबलं नाहीत असं समजा, कारण सारख्या आकाराचे ग्राफ ग्रूव्ह एकच धरतं आणि मग ‘सगळे अलीकडे’ नि ‘सगळे पलीकडे’ यात त्याला फरकच दिसत नाही, पोचलो का हे विचारण्यातही अर्थ उरत नाही.

अडकायचं कारण साधं आहे, शेळी नेली, परत आणली, पुन्हा नेली, आणि प्रोलॉग एकच वाट धरून खोल खोल जात राहतं. क्वेरीत आधी येऊन गेलेल्या स्टेट्सची यादी सोबत ठेवा आणि त्यातलं परत घेऊ नका. मग बरोबर दोनच रस्ते मिळायला हवेत, दोन्ही 7 फेऱ्यांचे.