एका डॉलरचा पगार

अनेक आशीर्वाद.

तुझा मेल वाचला. जेवणाच्या टेबलावर 2009 च्या बेलआउटचा, म्हणजे अमेरिकेतल्या बुडत्या मोटार कंपन्यांना सरकारने दिलेल्या मदतीचा विषय निघाला, दोन जुनेजाणते हमरीतुमरीवर आले आणि तू डबा आवरून उठलीस. "काका, तुम्ही तेव्हा इथेच डेट्रॉइटला होतात, खरं काय ते सांगा," असं लिहिलंयस. खरं काय ते कागदांत आहे, आणि ते कागद उघड आहेत. लोकांचा राग खोटा नाही, पण तो नेहमी चुकीच्या रकान्यावर निघतो असं माझं मत आहे. ते कसं, ते सांगतो.

आधी विमानांचा किस्सा, कारण कुठल्याही टेबलावर पहिला तोच निघतो. नोव्हेंबर 2008. जनरल मोटर्सचे (जीएम) प्रमुख रिक वॅगनर, फोर्डचे अ‍ॅलन मुलाली आणि क्रायस्लरचे रॉबर्ट नार्डेली 25 अब्ज डॉलरची मदत मागायला वॉशिंग्टनला गेले, तेही आपापल्या कंपनीच्या खासगी जेटने. ब्रॅड शर्मन नावाच्या खासदाराने भर सुनावणीत विचारलं, साध्या प्रवासी विमानाने कोण आलंय, हात वर करा. एकही हात वर गेला नाही. मग विचारलं, जेट विकून साध्या विमानाने परत जायची तयारी कुणाची आहे? पुन्हा सामसूम. डिसेंबरात तेच तिघे हायब्रिड गाड्यांतून पाचशेहून जास्त मैल रस्त्याने आले. येताना मागणी 34 अब्जांवर नेली होती, आणि वॅगनर-मुलाली यांनी वर्षाला एक डॉलर पगार घ्यायची तयारी दाखवली होती. नार्डेली आधीपासून तेवढाच घेत होते. काही दिवसांपूर्वी हाच एक डॉलरचा प्रश्न विचारला तेव्हा मुलाली 'आहे ते ठीक आहे' अशा अर्थाचं बोलले होते. 2007 सालचं त्यांचं पॅकेज 2 कोटी 10 लाख डॉलरच्या वर होतं.

माणसं यावर अजून हसतात. हसू दे. पण 25 अब्जांपुढे जेटचं भाडं म्हणजे चिल्लर.

मी तेव्हा गाड्यांचे पार्ट्स पुरवणाऱ्या एका व्हेंडर कंपनीत कॉस्टिंगला, म्हणजे खर्चाच्या हिशेबाला होतो. आमचा माल आज जायचा आणि पैसे साधारण दीड महिन्याने यायचे. म्हणजे कुठल्याही दिवशी दीड महिन्याचा माल, मजुरी आणि पोलाद मोठ्या कंपनीकडे अडकलेलं. जीएम उद्या दिवाळखोरीत जाऊन तुकड्यातुकड्याने विकली गेली, तर ती येणी बुडणार आणि आमच्यासारखे व्हेंडर महिनाभरात कुलूप लावणार, हे आम्हाला कुणी समजावून सांगावं लागत नव्हतं. गंमत अशी, की तोच व्हेंडर फोर्डलाही माल देतो आणि ओहायो-केंटकीतल्या जपानी कारखान्यांनाही देतो. तो बंद पडला की सगळ्यांच्याच लाइन थांबणार. फोर्डने 2006 मध्येच आपलं निळं बोधचिन्हसुद्धा गहाण टाकून 23.6 अब्ज डॉलरची कर्जाची सोय करून ठेवली होती. त्यामुळे तिने बेलआउटचं कर्ज घेतलं नाही, तरी मुलाली प्रतिस्पर्ध्यांसाठी साक्ष द्यायला का बसले, याचं उत्तर इथे आहे. मार्च 2009 मध्ये सरकारने 5 अब्ज डॉलर खास व्हेंडरांची येणी सुरक्षित राहावीत म्हणून बाजूला काढले, त्याची बातमी मात्र कुणाच्या लक्षात राहिली नाही. म्हणून टेबलावर कुणी म्हणालं की बुडू द्यायला हवं होतं, तर माझं मत स्पष्ट आहे: नव्हतं. खासगी कर्ज कुणी देत नव्हतं, आणि मिशिगन-ओहायोतली गावंच्या गावं उठली असती.

पैसे द्यायचे की नाही यावर फार रक्त आटवू नकोस. खरा प्रश्न अटींचा आहे. कुणाकडून काय घेतलं, आणि किती काळासाठी?

डिसेंबर 2008 मध्ये प्रतिनिधिगृहात विधेयक पास झालं आणि सेनेटमध्ये अडलं. अडायचं एक मोठं कारण म्हणजे टेनेसीचे सेनेटर बॉब कॉर्कर यांची अट: कामगारांची मजुरी अमेरिकेतल्या जपानी कारखान्यांच्या पातळीवर 2009 मध्येच आणा. युनियन 2011 पर्यंत मुदत मागत होती. बोलणी मोडली. शेवटी 19 डिसेंबरला जॉर्ज बुश यांनी बँकांसाठी काढलेल्या 700 अब्जांच्या निधीतून 17.4 अब्ज जीएम आणि क्रायस्लरला दिले. त्या कर्जाच्या अटींतही मजुरी कमी करणं होतंच.

आता तीन महिने पुढे ये. मार्च 2009. त्याच निधीतून वाचवलेल्या एआयजी या विमा कंपनीने, ज्याच्यामुळे अर्धं संकट ओढवलं त्या विभागातल्या लोकांना 16.5 कोटी डॉलर बोनस वाटला. देशभर गदारोळ. तेव्हा नवे अध्यक्ष ओबामा यांचे आर्थिक सल्लागार लॅरी समर्स टीव्हीवर म्हणाले की हा कायद्याने चालणारा देश आहे, करार झालेले आहेत, सरकार ते असे मोडू शकत नाही. गाड्या जोडणाऱ्या माणसाचाही करारच होता की! तो उघडून दुरुस्त करा असं त्याला बजावलं गेलं, आणि त्याने केलाही. एकाचा करार दगडावरची रेघ आणि दुसऱ्याचा पाटीवरची. माझ्या मते लोकांच्या संतापाचं मूळ हे आहे. पण ते दिसत नाही, आणि जेट दिसतं.

त्या दिवसांत कामगारांच्या विरोधात एक आकडा सगळीकडे फिरला: ताशी 70 डॉलर. डेट्रॉइटचा कामगार तासाला सत्तर डॉलर घेतो, म्हणून कंपन्या बुडाल्या, असं अगदी शिकली-सवरलेली माणसंही म्हणत. मी धंद्यानेच कॉस्टिंगवाला, त्यामुळे हे ऐकून माझं डोकं फिरायचं. हातात पडणारी मजुरी होती ताशी अठ्ठावीसच्या आसपास. त्यावर आरोग्यविमा आणि रजा धर. उरलेला मोठा भाग होता निवृत्त झालेल्यांच्या पेन्शनचा आणि औषधपाण्याचा. ती सगळी रक्कम चालू कामगारांच्या तासांनी भागायची आणि उत्तराला म्हणायचं 'मजुरीचा दर'. कामावर असलेल्यांपेक्षा निवृत्त झालेले कितीतरी पटींनी जास्त होते. कंपनीने दहा माणसं आणखी कमी केली की हा दर आपोआप वाढणार, कुणालाही एक सेंट पगारवाढ न देता! असला आकडा तुझ्यासमोर कुणी टाकला, तर आधी छेद कशाचा आहे ते विचार.

आणि नवीन भरतीला तर 2007 च्या करारापासून ताशी चौदा डॉलरच्या आसपास मिळत होते. त्याच लाइनवर, तेच काम, शेजारच्याच्या निम्मे पैसे.

आता त्या एका डॉलरकडे वळतो. ही युक्ती जुनी आहे. 1979-80 मध्ये क्रायस्लर गाळात गेली तेव्हा सरकारने दीड अब्ज डॉलरच्या कर्जाची हमी घेतली. ली आयकोका यांनी वर्षाला एक डॉलर पगार घेतला, कामगारांनी सवलती दिल्या, आणि 1983 मध्ये कर्ज मुदतीच्या कितीतरी आधी फिटलं. सरकारला वर नफाही झाला. इथवर गोष्ट छानच आहे. पण 1986 या एका वर्षात आयकोकांची कमाई 2 कोटी डॉलरच्या पुढे गेली, त्यात बरीचशी शेअरच्या ऑप्शन्समधून, म्हणजे आधी ठरलेल्या भावाने शेअर घ्यायच्या हक्कातून. कंपनी तळाला असताना पगार सोडायचा आणि शेअर घ्यायचे, यात तोटा कसला? शेअर सगळ्यात स्वस्त तेव्हाच असतो. मुलालींना मार्च 2011 मध्ये साडेपाच कोटी डॉलरहून जास्त किमतीचे शेअर मिळाले. त्यांनी फोर्ड उत्तम सावरली, यात वाद नाही. पण ज्या कामगारांनी 2009 मध्ये त्याच फोर्डसाठी सवलती दिल्या, त्यांना कुणी तळाच्या भावाने तेवढे शेअर देऊ केले नव्हते.

म्हणून मूळ पगाराचा रकाना सोड. जीएमच्या सीईओ मेरी बारा यांचं 2022 चं एकूण पॅकेज जवळपास 2 कोटी 90 लाख डॉलर, आणि त्यात मूळ पगार फक्त 21 लाख.

तू म्हणशील, सरकारने मर्यादा घातल्या होत्या ना? घातल्या होत्या. वॅगनर यांना मार्च 2009 मध्ये जायला लावलं. केनेथ फाइनबर्ग यांना मदत घेतलेल्या कंपन्यांतल्या वरच्या लोकांचे पगार ठरवायला बसवलं. रोख पगाराला सर्वसाधारणपणे वर्षाला 5 लाख डॉलरची मर्यादा, बाकीचं शेअरमध्ये. पण अपवाद निघत गेले. जीएमचे तेव्हाचे सीईओ डॅन अ‍ॅकरसन यांचं पॅकेज 90 लाख डॉलरचं, पैकी 17 लाख रोख, आणि ट्रेझरीने, म्हणजे अमेरिकेच्या अर्थखात्याने, त्याला मंजुरी दिली. त्याच निधीवर देखरेख ठेवणाऱ्या विशेष महानिरीक्षकांनी 2013 च्या अहवालात त्यावरून ट्रेझरीचे चांगलेच कान उपटले. मग 9 डिसेंबर 2013 ला सरकारने मदतीच्या बदल्यात घेतलेला जीएमचा शेवटचा शेअर विकला. घातले होते 49.5 अब्ज, परत आले सुमारे 39 अब्ज. शेअर विकले त्याच दिवशी पगाराच्या मर्यादाही संपल्या. दुसऱ्या दिवशी नव्या सीईओ म्हणून मेरी बारा यांचं नाव जाहीर झालं, आणि 2014 साठीचं त्यांचं पॅकेज 1 कोटी 44 लाख डॉलरचं ठरलं. बाईंच्या कर्तृत्वाबद्दल मला आदर आहे, व्यक्तीविषयी माझी तक्रार नाही. मुदतीविषयी आहे. वरच्यांवरची बंधनं चार-साडेचार वर्षांत उठली.

खालच्यांचं काय झालं? 2009 मध्ये त्यांचा महागाई भत्ता गेला. जीएम आणि क्रायस्लरमध्ये 2015 पर्यंत पगारासाठी संप करणार नाही असं लिहून द्यावं लागलं. निवृत्तांच्या औषधपाण्याच्या ट्रस्टला रोख पैशांच्या जागी दिवाळखोरीतून उभ्या राहिलेल्या नव्या जीएमचे 17.5 टक्के शेअर घ्यावे लागले. दोन पातळ्यांची मजुरी या ना त्या रूपात चालूच राहिली. महागाई भत्ता परत आला तो थेट 2023 च्या संपानंतर. 15 सप्टेंबर 2023 ला युनियन पहिल्यांदाच तिन्ही कंपन्यांविरुद्ध एकाच वेळी उतरली. युनियनचे तेव्हाचे अध्यक्ष शॉन फेन यांनी 40 टक्के वाढ मागितली, कारण तिन्ही सीईओंचे पगार चार वर्षांत तेवढे वाढले होते असं त्यांचं गणित होतं. मिळाली 25 टक्के, साडेचार वर्षांत मिळून. आणि करार होऊन महिनाही व्हायच्या आत जीएमने 10 अब्ज डॉलरचे स्वतःचे शेअर परत विकत घ्यायचं जाहीर केलं! पैसा नव्हता असं नाही.

डेल्फीचं नाव तू ऐकलं असशील. जीएमचीच वेगळी काढलेली पार्ट्स कंपनी. ती दिवाळखोरीत गेली आणि पेन्शनचे पैसे अपुरे पडले. तिच्या युनियनमधल्या पेन्शनरांना जीएमने तूट भरून दिली. पगारदार स्टाफमधले सुमारे वीस हजार जण मात्र सरकारी विम्याच्या कमी रकमेवर येऊन थांबले. कोर्टात दहा-बारा वर्षं लढले आणि 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. तुमच्या टेबलावर एखादा म्हातारा इंजिनिअर 'युनियनवाल्यांनाच सगळं मिळालं' म्हणून करवादला, तर त्याला लगेच कामगारद्वेष्टा ठरवू नकोस. त्याच्या घरात काय झालं होतं ते आधी विचार.

भारतातलं, आपल्याकडचं तू विचारलंस म्हणून दोन शब्द. जीएमचा तळेगावचा कारखाना सुरू झाला 2008 च्या सप्टेंबरात, म्हणजे इकडे आभाळ फाटत होतं त्याच महिन्यात. 2017 अखेर कंपनीने भारतातली विक्री थांबवली, 2020 च्या डिसेंबरात तळेगावचं उत्पादन बंद झालं. कामगारांनी बरीच लढाई केली, पण कारखाना शेवटी ह्युंदाईकडे गेला. तिथे कुणी बेलआउटचं नावही काढलं नाही. पगाराच्या बाबतीत मात्र आपला कायदा एका अर्थी कडक आहे. 2013 च्या कंपनी कायद्यात पब्लिक कंपनीच्या संचालक-व्यवस्थापकांच्या एकूण मोबदल्याला निव्वळ नफ्याच्या 11 टक्क्यांची मर्यादा आहे. भागधारकांच्या सभेने मंजुरी दिली की ती ओलांडता येते, हा भाग वेगळा. सूचीबद्ध कंपनीला पगाराच्या क्रमाने बरोबर मधोमध येणाऱ्या कर्मचाऱ्याच्या तुलनेत प्रत्येक संचालकाचा पगार किती पट, हेही वार्षिक अहवालात छापावं लागतं. बाबांना सांग, त्यांच्या कंपनीच्या अहवालाची शेवटची पानं चाळा म्हणावं.

इकडे सीईओचा तसाच आकडा प्रॉक्सी स्टेटमेंटमध्ये, म्हणजे भागधारकांना सभेआधी पाठवायच्या वार्षिक कागदात असतो. जीएमचा 2022 चा होता 362 पट. तुझ्या कंपनीचं स्टेटमेंट वसंतात निघेल. मोबदल्याच्या मुख्य तक्त्यात पगार, शेअर, बोनस, पेन्शनमधली वाढ असे वेगवेगळे रकाने असतात. आधी शेअरचा रकाना बघ. मग मागच्या तीन वर्षांत शेअर कुठल्या भावाने दिले, ते शोध. नंतर कामगार कराराची प्रत काढ, ती युनियनच्या वेबसाइटवर मिळते, आणि प्रत्येक सवलतीपुढे ती कधी संपते याची तारीख लिही. काहींपुढे तारीखच सापडणार नाही.

हे झालं की शनिवारी घरी ये, कागद घेऊन. काकू थालीपीठ करणार आहे. आणि बाबांना नमस्कार सांग.

तुझा,
काका