तंजावरच्या चर्चमधलं स्मारक आणि तुमचा फोटो

आजोबांच्या पेटीतला हा फोटो ‘कुठल्यातरी दरबाराचा’ असावा असं तुम्ही म्हटलंय. दरबार नाही, मृत्युशय्या आहे. तंजावरच्या शिवगंगा किल्ल्यातल्या चर्चमधलं हे संगमरवरी उठावशिल्प. पलंगावर आहेत ते जर्मन मिशनरी श्वार्ट्झ, निधन १३ फेब्रुवारी १७९८. त्यांचा हात हातात घेऊन उभे आहेत ते आपले सरफोजीराजे भोसले. उशाशी उभा असलेला पाद्री म्हणजे गेरिके. मुलं दिसतात ती श्वार्ट्झ यांच्या शाळेतली.

तंजावरच्या गादीवरच्या तुळजाराजांनी १७८७ साली मरण्याआधी सरफोजींना दत्तक घेतलं आणि श्वार्ट्झना त्यांच्यावर लक्ष ठेवायला सांगितलं. गादी मात्र तुळजाराजांचे सावत्र भाऊ अमरसिंग यांच्याकडे गेली. श्वार्ट्झ वारले तेव्हा सरफोजी जेमतेम वीस वर्षांचे होते, गादी मिळाली ती त्यानंतर काही महिन्यांनी. पुढे त्यांनी स्वखर्चानं लंडनच्या शिल्पकार जॉन फ्लॅक्समनकडून हे शिल्प करवून घेतलं. याच राजांनी १८०३ साली तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरवला. ख्रिस्ती गुरूचं स्मारक आणि देवळातला कुळाचा शिलालेख, दोन्ही एकाच माणसाचे. मला तरी त्यात काही विसंगत वाटत नाही.

फ्लॅक्समन हिंदुस्थानात कधी आला नव्हता, तेव्हा चेहऱ्यांत हुबेहूबपणा शोधू नका. एकात एक गुंतलेले दोन हात बघा, सगळं शिल्प तिथं येऊन थांबतं. राजा उभा, श्वार्ट्झ आडवे, तरी नजर राजावर टिकत नाही.

आता फोटोबद्दल. असा कमी उठाव समोरून उजेड पडला की सपाट होतो, हल्लीच्या फ्लॅशच्या फोटोंत हीच बोंब असते. तुमच्या फोटोग्राफरनं बाजूच्या खिडकीचा उजेड धरलाय. त्यामुळे चादरीची प्रत्येक चुणी सुटी दिसते आणि बोटांखाली बारीक सावली पडलीय. जुन्या काचेच्या निगेटिव्हवर पांढरा संगमरवर हमखास जळून, म्हणजे तपशील जाऊन नुसता पांढराफटक व्हायचा. इथं कपाळावरचे तपशीलसुद्धा शाबूत आहेत. माणूस कसलेला होता.

पिवळेपणा अंड्यातल्या पांढऱ्या भागाचा लेप दिलेल्या कागदाचा असावा. कापूस, पाणी, खोडरबर काही लावू नका. पुठ्ठ्यासकट रंगीत स्कॅन करा, कडा कापू नका, ‘ऑटो करेक्ट’ तर अजिबात नको. आणि मागची बाजूही टाका इथं, स्टुडिओचा शिक्का असेल तर काळ ठरवता येईल.