शाखा निवडताना रोजचं काम बघ
डॉक्टर झाल्यावर पुढच्या शिक्षणाची वैद्यकीय शाखा ठरवताना त्यातल्या दुर्मिळ, थरारक केसेस बघू नकोस, रोजचं काम बघ. नेत्रविभागात मोतीबिंदू, मेडिसिनमध्ये मधुमेह आणि रक्तदाब हेच वर्षानुवर्षं समोर येत राहणार. ते करताना तुझं मन लागतंय का? इंटर्नशिपमध्ये मला सर्जनच व्हायचं होतं. पण ऑपरेशनपेक्षा रुग्णाच्या खाटेशी बसून बोलण्यात माझा जीव रमतो, हे एका रात्रपाळीत कळलं. प्रसूतिशास्त्र हवं असेल तर लेबर रूममध्ये रात्रभर थांबून बघ. बाळंतपण काही घड्याळ बघून होत नाही. पॅथॉलॉजी, रेडिओलॉजीत रुग्णाशी थेट संबंध कमी, पण कितीतरी निदानं तिथंच पक्की होतात. त्यांना कमी लेखू नकोस. आणि प्राध्यापकांच्या आधी रेसिडेंट्सना, म्हणजे त्या शाखेत शिकता शिकता वॉर्डात काम करणाऱ्या डॉक्टरांना विचार, तेही ड्यूटी संपताना.