वहीत आईचं अक्षर

(पालकांचे प्रश्न आणि बाईंची उत्तरं. बाई सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये ३१ वर्षं पहिली ते चौथी शिकवून आता निवृत्त झाल्यात. यावेळी गृहपाठ आणि परीक्षा यावरच जास्त पत्रं होती, म्हणून तीच घेतलीत.)

प्रश्न : बाई नमस्कार. माझा मुलगा दुसरीला आहे, इंग्लिश मीडियम. रोज दोन पानं इंग्लिश, एक पान मराठी आणि वर मॅथ्सची वर्कशीट. मी बँकेत आहे, घरी यायला सात वाजतात, मग स्वयंपाक, आणि मग आमचं युद्ध सुरू. साडेदहाला तो पेन्सिल हातात धरूनच झोपतो. परवा तर मीच डाव्या हाताने लिहून काढलं, त्याच्यासारखं वाकडं दिसावं म्हणून! दुसरीच्या पोराला होमवर्क द्यायचा नाही असा काही नियम आहे का? आणि असला तर शाळेला सांगायचं कसं? – एक आई, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, डाव्या हाताचं वाचून आधी खूप हसले आणि मग जरा गप्पच झाले, कारण असल्या वह्या मी ढिगाने तपासल्यात. आईचं अक्षर कळतं हो आम्हाला, डाव्या हाताने काढा नाहीतर पायाने. पोराची पेन्सिल कागदात रुतते, मागच्या पानावर हात फिरवला की खरखर लागतं, आईची रुतत नाही.

आधी नियमाचं. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१८ ला राज्यांना कळवलं होतं की पहिली-दुसरीला गृहपाठ नको. नंतर २०२० चं दप्तराचं धोरण आलं, स्कूल बॅग पॉलिसी म्हणतात ते, त्यातही तेच आहे. दुसरीपर्यंत गृहपाठ अजिबात नाही, तिसरी ते पाचवी जास्तीत जास्त दोन तास, सहावी ते आठवी रोज जास्तीत जास्त एक तास. तिसरी-पाचवीचे दोन तास हे आठवड्याचे आहेत बरं का, रोजचे नाहीत, इथं बरेच जण गडबड करतात आणि काही शाळा मुद्दाम करतात. आणि हे काही आत्ता कुणाला सुचलेलं नाही, १९९३ ला यशपाल समितीने हेच सांगितलं होतं की प्राथमिकला गृहपाठ द्यायचाच असेल तर घरात, आजूबाजूला बघून शोधून यायचं असं काहीतरी द्या, पुस्तकातलं उतरवायला लावू नका. तीस वर्षं होऊन गेली, आणि आपण अजून दोन पानं इंग्लिश एक पान मराठी करतोय.

पण ताई, नियमापेक्षा मला दुसरंच सांगायचंय. पोर दमतं, झोप होत नाही (सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते, तुमच्याकडे साडेदहाला झोपून सकाळी सहाला उठत असेल तर तुम्हीच हिशोब करा), हे तर आहेच. त्याहून मोठं नुकसान असं होतं की त्याची चूक त्याच्या बाईंपर्यंत पोचतच नाही. माझ्याच वर्गातलं सांगते. एक मुलगा होता, वजाबाकीची वही एकदम स्वच्छ, सगळी उत्तरं बरोबर, मी आपली टिक मारत गेले, ४२ वह्या असायच्या समोर, खोटं कशाला बोलू. सहामाहीला पेपर घेतला तर ५२ वजा २७ बरोबर ३५! सगळी हातच्याची गणितं अशीच. मग जवळ बसवून विचारलं, कसं केलंस रे, तर म्हणाला "बाई, दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन काढले, पाच राहिले." म्हणजे त्याने त्याच्या परीने नियमच केला होता, मोठ्यातून छोटं काढायचं. जूनपासून तो तसंच करत होता आणि घरी त्याची आई रोज खोडरबरने ३५ पुसून २५ लिहायला लावत होती. चांगल्या मनानेच करत होती बिचारी. पण मला ते ३५ जुलैमध्ये दिसलं असतं तर दहा काड्यांचा एक गठ्ठा सोडवून दोन दिवसांत त्याला समजावलं असतं. माझे चार महिने फुकट गेले आणि तो स्वतःला ढ समजायला लागला ते वेगळंच.

म्हणून तुम्ही एवढं करा. वीस मिनिटं घड्याळ लावा. तेवढ्यात जे होईल ते, चुकलेलं असलं तरी पुसू नका. खाली डायरीत लिहा, "इथपर्यंत त्याने एकट्याने केलं, पुढचं राहिलं." असं आठ-दहा दिवस गेले की मग क्लास टीचरना भेटा, थेट प्रिन्सिपलकडे जाऊ नका आणि पहिल्याच वाक्याला २०२० चं धोरण काढू नका, समोरचं माणूस लगेच बचावात जातं. वही उघडून दाखवा. बऱ्याच ठिकाणी त्या मॅडमनाही हे द्यायचं नसतं, चार पालक येऊन "वही कोरी कशी" विचारतात म्हणून देतात. तुमच्या व्हॉट्सअप ग्रुपवर तसले चार जण असतीलच, त्यांच्याशीही बोला. आणि हो, रात्री झोपताना दहा मिनिटं गोष्ट वाचून दाखवा, तो होमवर्क मात्र चुकवू नका.

प्रश्न : माझी मुलगी तिसरीत झेडपी शाळेला आहे. गुरुजी गृहपाठच देत नाहीत, आठवड्यातनं एकदा कायतरी देतात. आमच्या मेव्हण्याचा पोरगा सांगलीत त्याच वर्गात, त्याच्या चार वह्या भरल्यात. मुलगी मागे पडेल का? शिकवणी लावू का? आमची द्राक्षबाग आहे, आम्हा दोघांनाही वेळ नसतो. – तासगाव तालुक्यातून एक वडील

उत्तर : दादा, भरलेल्या वहीवरून काही कळत नाही, वरचं उत्तर वाचा. अमेरिकेत हॅरिस कूपर म्हणून एक अभ्यासक आहेत, त्यांनी गृहपाठावरचे बरेच अभ्यास एकत्र करून २००६ ला मांडले, त्यात हायस्कूलच्या मुलांचा गृहपाठ आणि मार्क यांचा संबंध बऱ्यापैकी दिसतो पण प्राथमिकच्या मुलांत तो अगदीच किरकोळ निघतो. म्हणून गुरुजींना नावं ठेवायच्या आधी मुलीला बघा. तिसरीचं पुस्तक नको, घरात आलेला पेपर द्या, चार ओळी वाचायला लावा आणि काय वाचलं ते तिच्या भाषेत विचारा. अडखळली तरी चालेल, अर्थ सांगता आला पाहिजे. मग एक हातच्याची वजाबाकी द्या. सरकारचा २०२१ पासून निपुण भारत म्हणून कार्यक्रम चाललाय, त्यातही तिसरीपर्यंत समजून वाचणं आणि साधी आकडेमोड येणं हेच मागितलंय. हे जमत असेल तर शिकवणीचे पैसे वाचवा. जमत नसेल तर शिकवणी नको, गुरुजींना भेटा, त्यांना कुठं अडतंय ते माहीत असतं.

आणि वेळ नाही म्हणता पण तुमच्याएवढं गणित कुणाच्या घरात आहे ओ? चार किलोची एक पेटी, सकाळपासून ३६ पेट्या भरल्या तर किलो किती, आजचा दर पेटीला इतका तर पैसे किती. छाटणी होऊन आज कितवा दिवस ते कॅलेंडरवर तिलाच मोजायला लावा, रोज भिंतीवर लिहू दे. चुकली तर लगेच सांगू नका, परत मोज म्हणा. माझ्या वर्गात बागायतदारांची पोरं पाढे रडत म्हणायची आणि पेट्यांचा हिशोब माझ्याआधी सांगायची, मला ते उशिराच लक्षात आलं.

प्रश्न : परीक्षा बंद केल्या आणि शिक्षणाचं वाटोळं झालं असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्या वेळी चौथीला नापास व्हायची भीती होती म्हणून अभ्यास व्हायचा. आज नातू पाचवीत गेला आणि त्याला धड पत्र लिहिता येत नाही. आपलं मत काय? – एक आजोबा, सातारा

उत्तर : आजोबा, तुमचा राग मला अर्धा मान्य आहे. पण परीक्षा कधी बंद झाल्याच नव्हत्या. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्यात आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात मागे ठेवायचं नाही एवढं होतं. "नापास नाही" याचं लोकांनी "परीक्षा नाही" करून टाकलं. महाराष्ट्रात त्याच वर्षी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, आम्ही त्याला नुसतं सीसीई म्हणायचो. पहिली-दुसरीला ७० टक्के आकारिक, म्हणजे तोंडी, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोट्या चाचण्या असं वर्षभर चालणारं, आणि ३० टक्के सत्राच्या शेवटचा पेपर. तिसरी-चौथीला ६० आणि ४०. कागदावर पद्धत फार चांगली होती, मला अजूनही वाटते. घोळ कुठं झाला सांगू? प्रत्येक मुलाच्या प्रत्येक विषयाच्या नोंदी लिहायच्या होत्या, त्या एप्रिलमध्ये एका बैठकीत लिहिल्या जायच्या. बाजारात तयार नोंदींची पुस्तकं मिळायची, "वर्गात उत्साहाने सहभागी होतो", "परिसराची माहिती सांगतो", घ्या आणि उतरवा. मीही एक वर्ष तसंच केलंय, जनगणनेची ड्युटी होती. म्हणजे वरच्या पत्रातल्या ताईंनी डाव्या हाताने लिहिलं तेच आम्ही सरकारी वहीत केलं! मग तुमच्या नातवाला पत्र लिहिता येत नाही हे दुसरीत कुणाला दिसणार?

आता कायदा बदललाय. २०१९ ला दुरुस्ती झाली, राज्यांना पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा घ्यायची मुभा मिळाली, आणि आपल्याकडे २०२३-२४ पासून ती सुरूही झाली. नापास झालं तर लगेच वर्ष जात नाही, जादा शिकवून दोन महिन्यांच्या आत परत परीक्षा घ्यायची असते, त्यातही नाही जमलं तर मग मागे ठेवता येतं. पाचवीला परीक्षा घ्या, माझी हरकत नाही, दहा-अकरा वर्षांचं मूल तीन तास नाही पण तास-दीड तास पेपर देऊ शकतं. मागे ठेवण्याला मात्र माझी हरकत आहे. तुम्ही म्हणता भीतीने अभ्यास व्हायचा, तुमचा झाला, कारण तुम्ही पास झालात आणि आज पत्र लिहिताय. जे नापास झाले ते पत्र लिहीत नाहीत. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षातली एक मुलगी, जत भागातली, दुसरीत दोनदा बसली. तिसऱ्या जूनला तिची धाकटी बहीण तिच्याच वर्गात येऊन बसली, शेजारच्याच पट्टीवर. पंधरा दिवस आली थोरली, मग यायची बंद. घरी गेले तर म्हशी सोडायला गेलेली. आई म्हणाली, "बाई, धाकटी शिकल, हिला न्हाई जमत." तिला जमत होतं हो, जोडाक्षरं येत नव्हती फक्त.

नातवाला पत्र लिहायला शिकवायचं तर तुम्हीच त्याला पोस्टकार्ड टाका, एकाच घरात असलात तरी टाका. पोस्टमनने त्याच्या नावाने हाक मारली की उत्तर येतंय का नाही बघा. पहिल्या उत्तरातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मात्र काढायच्या नाहीत, हे जमेल का तुम्हाला ते बघा.

प्रश्न : मुलगा दुसरीत आहे. सातारच्या सैनिक स्कूलसाठी आत्तापासून फाउंडेशन क्लास लावा असं सगळे म्हणतात. सकाळी सहाची बॅच आहे. लावू का? – एक आई, कराड

उत्तर : नको. प्रवेश सहावीला असतो, वय दहा ते बारा, म्हणजे अजून तीन वर्षं आहेत. पेपरात ३०० पैकी १५० मार्क गणिताला आहेत आणि ते पाचवीपर्यंतचं गणित पक्कं असल्याशिवाय कुठल्याच क्लासने येत नाही. पाचवीत गेला की त्यालाच विचारा, घर सोडून हॉस्टेलला राहशील का म्हणून. सध्या सहा वाजता झोपू दे त्याला.