ही 'नोरा' कोण?

लिस्बनला शिकायला गेलेल्या एका वाचिकेचा प्रश्न आहे. निघण्यापूर्वी तिने अ‍ॅपवर पोर्तुगीज शिकायला सुरुवात केली. 'मी गोंधळले आहे' यासाठी अ‍ॅपने तिला 'इस्तो कोंफूझा' हे वाक्य दिलं. प्रत्यक्षात वर्गातली मुलं भलतंच काहीतरी बोलतात. परीक्षेचं वेळापत्रक बदलल्याचं कळलं तेव्हा शेजारचा मुलगा म्हणाला, "ओ पा, तो आ नोरा!" तर ही नोरा कोण, 'कोंफूझा' चूक आहे का, आणि वाट चुकणं, गोंधळणं, डोक्यात न शिरणं यासाठी तिथले लोक रोज काय म्हणतात, असं तिने विचारलंय.

आधी 'तो'चं बघू. 'मी आहे' या अर्थाचं 'एश्तो' (वरचं 'इस्तो' तेच) लिस्बनमध्ये बोलताना आखडतं, त्याचं 'श्तो' होतं आणि पुष्कळदा नुसतं 'तो' उरतं. मराठी कानाला वाटतं, हा कुणा तिसऱ्याबद्दल सांगतोय. सांगत असतो स्वतःबद्दलच. 'ओ पा' म्हणजे आपलं 'अरे यार'.

आता नोरा. ही बाई नव्हे, रहाट. मूळ शब्द अरबी, 'नाऊरा'. पोर्तुगालच्या दक्षिण टोकाचा आल्गार्व प्रांत 1249 पर्यंत मुस्लिम अमलाखाली होता, आणि विहीर-पाण्याची बरीच पोर्तुगीज शब्दसंपत्ती त्या काळाची देणगी आहे. रहाटाच्या गाडग्याला 'अल्कत्रूश' म्हणतात, तोही अरबीतूनच आलेला. हा रहाट ओढायला गाढव, खेचर किंवा बैल जुंपत, आणि गोल गोल फिरून त्याला भोवळ येऊ नये म्हणून डोळ्यांवर झापड बांधत. 'अंदार आ नोरा', म्हणजे रहाटाला लागून चालणं, हा वाक्प्रचार त्या जनावरावरून आला असं मानतात. दिवसभर चालायचं, पोचायचं कुठेच नाही, आणि आपण कुठे आहोत हे दिसायचंही नाही.

रहाट आपल्याकडेही होताच. पण मराठी माणसाची नजर गेली गाडग्यांकडे: भरलेली वर येतात, रिकामी खाली जातात. म्हणून 'रहाटगाडगं' म्हणजे संसाराचा न थांबणारा फेरा. पोर्तुगीजांनी पाहिलं जनावराकडे. आपण जनावर उचललं ते तेलाच्या घाण्याचं, पण घाण्याचा बैल बिचारा राबतो; तो गोंधळलाय असं आपण कधी म्हणत नाही.

वापराच्या दृष्टीने 'तो आ नोरा' म्हणजे 'मला काही सुधरत नाहीये'. काय करावं, कुठून सुरुवात करावी, कुणाला विचारावं, काहीच कळेनासं झालं की हे म्हणायचं. कुणी अर्धवट माहिती देऊन निघून गेला तर 'दैशो-म आ नोरा', मला अधांतरी सोडून गेला. आणि 'वी-म आ नोरा' म्हटलं की एखादी गोष्ट करताना नाकी नऊ आले: ते घर शोधताना 'वी-म आ नोरा', गाडी लावायला जागा मिळवताना 'वी-म आ नोरा'. हे बोलीतलं आहे, पण असभ्य नाही. मित्रांत चालतं, ओळखीच्या प्राध्यापकांशी कॉरिडॉरमध्येही चालतं. अर्जात लिहू नका. याच कुळातले आणखी दोन वाक्प्रचार कानावर पडतील: 'अंदार औश पपैश' (पपैश म्हणजे कागद) आणि 'अंदार आझ अरान्यश' (अरान्यश म्हणजे कोळी, जाळी विणणारे). दोन्हींचा रोख तोच, धांदल आणि भांबावलेपण. सरकारी कचेरीत एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर टोलवलं गेल्यावर मला यातला कागदांचा जास्त पटतो.

वेळापत्रकाच्या प्रसंगात मात्र आणखी नेमका शब्द होता: 'बरल्यादु', मुलगी बोलत असेल तर 'बरल्यादा'. 'बराल्यु' म्हणजे पत्त्यांचा कॅट आणि 'बरल्यार' म्हणजे पत्ते पिसणं. दोन तारखा, दोन नावं, दोन खोल्यांचे नंबर डोक्यात एकमेकांत मिसळले, की 'फिकै बरल्यादा', माझा घोळ झाला. नोरात पुढे काय करायचं ते कळत नाही. बरल्यादात माहिती असते, फक्त तिची सरमिसळ झालेली असते. हा फरक पोर्तुगालमध्ये लोक बऱ्यापैकी पाळतात. इथे काही उत्साही मंडळींना आपलं 'बरळणं' आठवेल. चावी, बटाटा, पगार, घमेलं, लिलाव हे शब्द पोर्तुगीजांकडून आले, मग हाही तिथलाच असणार, असं नातं लगेच जुळवलं जातं. आवाज जुळला एवढ्यावर सोयरीक करू नये. बरळणाऱ्याची जीभ सुटलेली असते आणि बरल्यादु माणूस बहुधा गप्प उभा असतो.

'कोंफूझा' चूक नाही. 'श्तो कोंफूझा' लिस्बनमध्ये सगळ्यांना कळतं आणि लोक म्हणतातही. पण त्यात एक खाच आहे, जी अ‍ॅप सहसा नीट सांगत नाही. 'कोंफूझु' हा शब्द गोंधळलेल्याला लागतो, तसाच गोंधळात टाकणाऱ्यालाही. अर्थ ठरतो क्रियापदावर. पोर्तुगीजमध्ये 'असणे' दोन आहेत: 'श्तार' तात्पुरत्या अवस्थेचं, 'सेर' स्वभावाचं. 'श्ताश कोंफूझु' म्हणजे तू आत्ता गोंधळलायस. 'एश कोंफूझु' म्हणजे तू मुळातच गोंधळ्या आहेस, तुझं बोलणं कुणाला कळत नाही. पहिल्यावर समोरचा समजावून सांगायला बसेल, दुसऱ्यावर भांडेल. प्राध्यापकांच्या टिपणांबद्दल बोलायचं तर 'ए कोंफूझु', हे गोंधळात टाकणारं आहे.

त्याहून मजेदार याचं नाम, 'कोंफुझांव'. शुक्रवारी संध्याकाळी मेट्रोतली गर्दी बघून 'की कोंफुझांव!' म्हणतात, तिथे अर्थ आहे 'काय हा गोंधळ!' इथपर्यंत मराठीशी जुळतं. पण 'फाझ-म कोंफुझांव' हे पोर्तुगालचं खास वाक्य बघा. शब्दशः 'ते मला गोंधळ करतं', पण बोलणारा अजिबात गोंधळलेला नसतो. अर्थ होतो 'हे मला खटकतं', 'हे काही माझ्या पचनी पडत नाही'. कुणी ताटात अन्न टाकून उठला, भर हिवाळ्यात खिडकी उघडी ठेवून झोपला, की 'इसु फाझ-म कोंफुझांव'. बोलणाऱ्याला स्पष्टीकरण नको असतं, सौम्य शब्दांत नापसंती कळवायची असते. हे ऐकून पुन्हा पहिल्यापासून समजावत बसलात तर तो आणखी वैतागेल.

वाट चुकलात तर? 'श्तो पर्दीदा', पुरुष असेल तर 'पर्दीदु'. किंवा 'पर्दी-म', मी वाट चुकले. आल्फामा या लिस्बनच्या जुन्या वस्तीतल्या बोळांत हे वाक्य लागणारच. तिथल्या गल्ल्या आणि पायऱ्या नवख्याला फिरवून पुन्हा त्याच कोपऱ्यावर आणतात. पण 'श्तो पर्दीदा' घरात बसूनही म्हणता येतं. परीक्षा उद्यावर आली आणि पुस्तक उघडलेलं नाही, तेव्हा याचा अर्थ आपलं 'मेले!' किंवा 'संपलं माझं!'

अ‍ॅप आणि वर्ग यांची गाठ का पडली नाही, याचं सोपं कारण म्हणजे पुष्कळ अ‍ॅपवरची पोर्तुगीज ब्राझीलची असते. 2022 च्या जनगणनेत ब्राझीलची लोकसंख्या 20 कोटी 30 लाखांच्या आसपास होती आणि पोर्तुगालची आहे कोटीच्या जरा वर, तेव्हा व्यवहार कुणाच्या बाजूने झुकणार हे उघड आहे. ब्राझीलमध्ये 'पर्दीदु'चं 'पेर्जीदु' होतं. त्याहून महत्त्वाचा फरक 'समजणे' या क्रियापदात. लिस्बनमध्ये 'नांव पर्सेबी' म्हणजे 'मला समजलं नाही'. ब्राझीलच्या साओ पावलोत तेच 'नांव पेर्सेबी' म्हटलं तर अर्थ होतो 'माझ्या लक्षात आलं नाही', म्हणजे माझं तिकडे ध्यानच नव्हतं. तिथे समजण्यासाठी 'नांव एंतेंजी' म्हणतात. लिस्बनमध्ये 'एंतेंदी' कळतं, पण रोजच्या बोलण्यात 'पर्सेबी'च जास्त. गोव्यात 1961 पर्यंत शाळेत शिकवली गेली ती लिस्बन वळणाची भाषा, त्यामुळे तिथे जुन्या पिढीचं कुणी ओळखीचं असेल तर 'पर्सेबेश्त?' (समजलं का?) हे त्यांच्याकडूनच ऐकून घ्या. अ‍ॅपपेक्षा बरं.

ब्राझीलची बाजू सोडवत नाही, कारण या विषयात ते लोक पोर्तुगालच्या चार पावलं पुढे आहेत. चार जण गप्पा मारतायत, विषय तुम्हाला ठाऊक नाही, तुम्ही नुसतं हसून मान डोलावताय. याला तिथे 'तो बोयांदु' म्हणतात: मी तरंगतोय. 'बोया' म्हणजे समुद्रात खुणेसाठी तरंगत ठेवलेलं पिंप, मुंबईच्या बंदरात दिसतं तसंच. आणि हरवलेल्या माणसाच्या उपमा तर विचारूच नका. 'गोळीबारात सापडलेल्या आंधळ्यापेक्षा हरवलेला', 'बिंगोच्या खेळातल्या बहिऱ्यापेक्षा हरवलेला', 'घर बदलताना सामानाच्या ट्रकमधून पडलेल्या कुत्र्यापेक्षा हरवलेला'. पहिल्या दोन आज जरा बोचतात, आणि आंधळ्या-बहिऱ्यांवर हसण्याची हौस आपल्याही म्हणींना कमी नाही. कुत्र्याची मात्र अस्सल आहे. जुनं घर राहिलं नाही, नवं ठाऊक नाही, ट्रक तर पुढे गेला.

दोन्ही देशांत चालणारा, लेखनातही शोभणारा शब्द हवा तर 'दझ्नुर्त्यादु' घ्या. त्यात 'नोर्त' म्हणजे उत्तर दिशा आहे. ज्याची उत्तर हरवली तो. आपला 'दिङ्मूढ' जवळजवळ याच घडणीचा, फक्त आपण कुठली एक दिशा निवडली नाही. यावर 'पोर्तुगीज दर्यावर्दी, म्हणून होकायंत्राची भाषा' असं वाक्य पुष्कळजण टाळी घेण्यासाठी टाकतात. फ्रेंचांतही उत्तर हरवते आणि तेही असंच बोलतात, त्यामुळे ही टाळी एकट्या पोर्तुगीजांना देता येत नाही. जहाजांचा मोह आणखी एका ठिकाणी आवरावा लागतो. 'फिकार अ वेर नवीउश', जहाजं बघत राहणं, हे ऐकून गोंधळाशी जोडू नका. त्याचा अर्थ हात हलवत परतणं, आशा धरून बसलो आणि हाती काहीच लागलं नाही. सेबाश्तियांव राजा 1578 मध्ये मोरोक्कोतल्या लढाईत पडला, तो परत येईल म्हणून लोक लिस्बनच्या सांता कातारीना टेकडीवरून जहाजं न्याहाळत बसत, अशी यामागची दंतकथा सांगतात. दंतकथा म्हणूनच ऐकावी.

डोक्यावरून गेलेल्या गोष्टीला पोर्तुगालमध्ये 'इश्तु ए शिनेश' म्हणतात, ही चिनी आहे. ब्राझीलमध्ये ती ग्रीक असते. लिस्बनमध्ये ग्रीकांनाही काम आहे, पण वेगळं: 'वी-म ग्रेगु' म्हणजे मला भारी जड गेलं, वर सांगितलेल्या 'वी-म आ नोरा'चा जोडीदार. आणि उत्तरच ठाऊक नसेल, शोधायची इच्छाही नसेल, तर 'सै ला'. याला 'कोण जाणे' किंवा 'काय माहीत बाबा' म्हणा, खांदे उडवायला विसरू नका.

राहिला वर्गातला प्रश्न, वाक्य पुन्हा म्हणवून घ्यायचं कसं. 'नांव पर्सेबी, पोद रपतीर?' एवढं पुरतं. शेवटी 'स फाश फवोर' (कृपया) जोडलं की कुठल्याही प्राध्यापकांसमोर चालेल. ब्राझिलियन मैत्रीण मात्र अशा वेळी नुसतं 'ओय?' म्हणेल. ते हाक मारणं नाही आणि उद्धटपणाही नाही, 'काय म्हणालीस?' एवढंच आहे. तुम्ही तिला तेच परत म्हटलंत तरी ती रागावणार नाही. लिस्बनच्या कचेरीत 'कोमु?' म्हणा.