“प्रश्न विचारला आणि उत्तर आलं नाही तर?”

विज्ञान परिषदांचा हंगाम साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी. दिवाळी सरली की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या संशोधक विद्यार्थ्यांच्या तोंडी एकच काळजी असते : “मॅडम, दहा मिनिटं बोलेन मी कसंबसं. पण शेवटी कुणी प्रश्न विचारला आणि मला उत्तर आलं नाही तर?” दरवर्षी हे इतक्या जणांकडून ऐकते की त्यातल्या एकीची हकिगत सविस्तर सांगावीशी वाटली. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तिला सुजाता म्हणू. सांगोल्याकडची, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. घरची डाळिंबाची बाग तेल्या रोगाने बसताना तिने लहानपणी पाहिली होती, आणि पीएचडीला विषयही तोच घेतला होता. डाळिंबाच्या पानांवर मुळातच राहणारे काही जिवाणू तेल्याच्या जिवाणूला रोखू शकतात का, हे ती प्रयोगशाळेत तपासत होती. भुवनेश्वरच्या एका परिषदेत तिच्या कामाची तोंडी सादरीकरणासाठी निवड झाली. ते कळलं त्या रात्रीपासून झोप उडाली. “बोलण्याऐवजी पोस्टर लावू का?” असं गाईडना विचारूनही झालं होतं.

“उत्तर आलं नाही तर नेमकं काय होईल?” मी विचारलं.

“सगळ्यांसमोर उघडं पडेल, की हिला काही येत नाही.”

“एका प्रश्नाचं उत्तर न येणं आणि काहीच न येणं, हे एकच का?”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आमच्यासारख्यांना एक चूक परवडत नाही, मॅडम. फाडफाड इंग्रजी बोलणारी अडखळली तर ती नर्व्हस असते. मी अडखळले तर मला विषय कळलेला नसतो.”

“असं काही नसतं गं” असं मी तिला म्हटलं नाही. असा भेदभाव होतो, आणि तो अन्यायच आहे. पण त्यापलीकडे तिने स्वतःलाच एक अट घातली होती : प्रत्येक प्रश्नाला अचूक उत्तर, तेही सफाईदार इंग्रजीत, नाहीतर मी इथे असण्याच्या लायकीची नाही. छान उत्तरं देता यावीत ही इच्छा माणसाला तयारीला लावते. त्याच इच्छेची अट झाली की तयारीही होत नाही. सुजाता रात्र रात्र स्लाइडचे रंग बदलत बसायची, प्रश्नांचा विचार मात्र टाळायची.

म्हणून मी तिला तेच काम दिलं. “ज्या ज्या प्रश्नांची भीती वाटते ते सगळे लिहून आण. एकही वगळू नकोस.”

पुढच्या भेटीला ती दोन्ही बाजूंनी भरलेले कागद घेऊन आली. आम्ही एकेक प्रश्न वाचत गेलो. बहुतेकांची उत्तरं तिला येत होती. मराठीत विचारलं की ती थांबतच नव्हती. काहींसाठी जुनी नोंदवही पाहायला हवी होती. शेवटी अगदी थोडे उरले. त्यातला एक असा : प्रयोगशाळेत रोग रोखणारे हे जिवाणू मृग बहराच्या पावसात, उन्हात पानांवर टिकतील का?

“याचं उत्तर कुणाला माहीत आहे?” मी विचारलं. “तुझ्या गाईडना?”

“नाही.”

“ज्यांचे पेपर तू वाचतेस त्यांना?”

“आमच्या जिवाणूंच्या बाबतीत कुणालाच नाही. बागेत चाचणी घेतल्याशिवाय कळणारच नाही.” ती थांबली, कागदाकडे पाहत राहिली. “मॅडम, ज्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते, तो माझ्या पुढच्या कामाचा प्रश्न आहे.”

माझ्या कामात असे क्षण थोडे येतात. तेव्हा मी काही बोलत नाही, स्पष्टीकरण तर मुळीच देत नाही. ते उमगणं समोरच्याचं स्वतःचं असतं. मला त्या दिवशी एवढं लख्ख दिसलं की ही मुलगी परिषदेकडे तोंडी परीक्षा म्हणून पाहत होती. परीक्षेत विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असतं. संशोधनात पुष्कळदा ते त्यालाही ठाऊक नसतं, म्हणून तर तो विचारतो. पदवीपर्यंतचं आपलं सगळं शिक्षण पहिल्या प्रकारचं. दुसऱ्या प्रकारच्या खोलीत कसं वागायचं, हे या मुलांना सहसा कुणी सांगत नाही.

पण नुसतं उमगून भीती जात नाही, ती कृतीने जाते. अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञावर माझा विश्वास आहे तो यासाठीच. कि. मो. फडके यांनी त्यांचे विचार मराठीत आणले. तरुणपणी एलिसना स्वतःलाच सभेत बोलायची धास्ती होती, आणि मुद्दाम पुन्हा पुन्हा बोलून त्यांनी ती घालवली. सुजाताला मी सांगितलं, “लॅबच्या साप्ताहिक बैठकीत एका तरी प्रश्नाला ‘वी हॅव नॉट टेस्टेड दॅट येट’ असं उत्तर द्यायचं. मोठ्याने, माफी न मागता.” तिने ते केलं. सर म्हणाले, “मग टेस्ट कर.” आणि बैठक पुढे सरकली. ती मला म्हणाली, “एवढंच? इतके दिवस मी एवढ्यालाच भीत होते?”

बाकी तयारी साधी होती. तुम्हीही ती करू शकता. भाषण पाठ करू नका. पाठ केलेल्यातलं एक वाक्य निसटलं की पुढचं सगळं निसटतं. पाठ करायची ती सुरुवातीची दोन-तीन वाक्यं. दहा मिनिटं असतील तर नऊ मिनिटांत संपवायचा सराव करा. हात थरथरत असेल तर लेझरचा ठिपका भिंतभर नाचतो, त्यापेक्षा माउसचा बाण वापरा. प्रश्न आला की तो आपल्या शब्दांत परत म्हणा : नीट समजला का ते कळतं आणि श्वास घ्यायला वेळ मिळतो. समजला नसेल तर पुन्हा विचारायला सांगा, मोठमोठे शास्त्रज्ञही सांगतात. आणि आदल्या रात्री स्लाइडला हात लावू नका.

आणखी एक. छातीतली धडधड आपल्याला जितकी जाणवते तितकी समोरच्यांना दिसत नाही. सवित्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना भाषणाआधी फक्त एवढी माहिती दिली, तर त्यांची भाषणं इतरांपेक्षा चांगली झाली. सुजाताला मी हे सांगितलं तेव्हा तिने ते वहीत उतरवून घेतलं.

कोणार्क एक्सप्रेसने दीड दिवसाचा प्रवास करून ती भुवनेश्वरला पोचली. पहिल्या स्लाइडला आवाज कापला, एका प्रश्नाचं उत्तर इंग्रजीत अर्धवट राहिलं. आणि पावसाचा तो प्रश्न खरंच आला. तिने सराव केलेलं वाक्य म्हटलं, आणि बागेत चाचणी कशी घ्यायचा विचार आहे तेही सांगितलं. प्रश्न विचारणाऱ्या बाई चहाच्या वेळी तिला शोधत आल्या, आणि पावसानंतर किती दिवसांनी पानं गोळा करायची यावर दोघी बराच वेळ बोलत राहिल्या. त्यातलं निम्मं बोलणं हिंदीत झालं. फोनवर ती मला हे सांगत होती तेव्हा भीतीचा विषय निघालाच नाही. ती चाचणीबद्दलच बोलत होती. मला समाधान वाटलं ते याचं.

गाईड मंडळींना माझी कळकळीची विनंती : विद्यार्थ्याला परिषदेला पाठवण्याआधी लॅबमध्ये एकदा तरी पूर्ण सराव घ्या, आणि त्याच्यासमोर कधीतरी स्वतः “मला माहीत नाही” म्हणा. पालकांनी “बक्षीस मिळालं का?” असं विचारण्याआधी “तुला काय विचारलं त्यांनी?” एवढं विचारावं.

आणि ही भीती परिषदेपुरती नसेल, महिनोन्‌महिने झोप-जेवण बिघडत असेल, भीतीपायी निवड झालेल्या संधी सोडून दिल्या जात असतील, तर एकट्याने रेटू नका. विद्यापीठात समुपदेशक असेल तर त्यांना भेटा. नसेल तर मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे. तिथे मराठीतही बोलता येतं.